सातव्या खांबापाशी

चीनमधल्या तायहू तळ्यावर नाव चालवणाऱ्या बाईचं आयुष्य तसं काही वाईट नसतं. त्सुइदीचं तर नव्हतंच. सत्तावन्न वर्षांची, गुडघे अजून ठणठणीत, डोक्यावर वेताची टोपी. तळ्यातली मासेमारी बंद झाली तेव्हा तिने जाळी विकून टाकली आणि पाणी तपासणाऱ्या कचेरीची नाव चालवायला घेतली. आठवड्यातून दोनदा तळ्यात रोवलेल्या दहा खांबांपाशी जायचं, पाण्याच्या बाटल्या भरायच्या, दुपारी नावेतच रांधून जेवायचं. यंदा पाणीही बरं होतं. आपलं छान चाललंय, असं ती येईल-जाईल त्याला सांगत असे.

फक्त सातव्या खांबापाशी तिचं तोंड बंद. अकरा वर्षांपूर्वी तिचा नवरा आगन तिथेच बुडाला होता. प्रेतसुद्धा मिळालं नाही. त्या दुपारी काय झालं ते तिने कधी कुणाला सांगितलं नव्हतं. भांडणाच्या भरात, त्याला झोंबावं म्हणून, तिने ताटातला मासा मुद्दाम पालथा केला होता. नावेवरची माणसं असं मेली तरी करत नाहीत. वरची बाजू खायची, काटा उचलायचा, मग खालची खायची. मासा उलटला की नाव उलटते. आगन ताटावरून उठला आणि छोटी होडी घेऊन निघून गेला. संध्याकाळी होडी सापडली, पालथी.

म्हणून ती नेहमी सहाव्या खांबापाशीच जेवण उरकून घेई. त्या दिवशी मात्र कचेरीतल्या यीनोला भूक उशिरा लागली आणि ताट सातव्या खांबापाशी मांडावं लागलं. यीनो दूरच्या ग्वेइचौच्या डोंगरातली पोर, पाण्यातलं सूक्ष्म शेवाळ मोजायला नव्यानेच लागलेली. गोड, पण बडबडी. आलं आणि कांदापात घालून वाफवलेला मासा खाता खाता ती सांगत होती की तळ्याच्या एका थेंबात हजारो शेवाळपेशी असतात, नुसत्या डोळ्यांना दिसत नाहीत इतकंच. तशा तुझ्या जिभेवरही असतील, जरा विसावा दे तिला, असं त्सुइदी म्हणाली आणि दोघी हसल्या. हसता हसताच पोरीने जेवायच्या काड्यांनी मासा उलटला.

त्सुइदीने भाताची वाटी खाली ठेवली. पोरीला काय बोलणार? तिला बिचारीला कुणी सांगितलंच नव्हतं.

थोड्या वेळाने वारा पडला. भर दुपार, पण ऊन धुरकट झालं. शेवाळाची हिरवी साय कुठूनशी सरकत आली आणि नावेभोवती जाड होऊन बसली. कुजलेल्या कोबीसारखा वास सुटला. इंजिन दोनदा खोकलं आणि बंद पडलं. इंजिन थंड ठेवायला पाणी ओढणारी नळी त्या सायीने तुंबली होती. यीनोला त्याचं काहीच वाटलं नाही. तिने दोरीला बांधलेली पांढरी तबकडी काढली, दोरीचं टोक मनगटाला गुंडाळलं आणि तबकडी पाण्यात सोडली. तबकडी दिसेनाशी होईल तिथवर पाणी नितळ धरायचं. इथे ती चाळीस सेंटीमीटरला हरवायची.

"मावशी... अजून दिसतेय."

पोरीच्या तोंडाखाली साय बाजूला झाली होती. परातीएवढं गोल, काळं, नितळ पाणी.

"मीटर झाला... दोन झाले... अजून दिसतेय. आणि..."

"आणि काय?"

"कुणीतरी धरलीय. हळूच ओढतंय."

बोलता बोलता ती खांद्यापर्यंत कडेबाहेर गेली. त्सुइदीने झडप घालून तिचा पट्टा धरला, पाय फळीला रोवले. पोरीचं वजन ते काय, पण ती जागची हलेना. त्सुइदीला रडू फुटलं. अकरा वर्षं गिळलेलं सगळं तोंडाशी आलं.

"अहो," ती पाण्याकडे बघून हळू आवाजात म्हणाली, "पोर परकी आहे. तिला ठाऊक नव्हतं. त्या दिवशी मासा मी उलटला होता, ठाऊक असून. राग आहे तो माझ्यावर काढा... हिला सोडा."

बराच वेळ काहीच झालं नाही. मग दोरी अशी सैल पडली की दोघी धाडकन फळीवर आपटल्या. साय मिटली. वारा सुटला.

नळी साफ करायची तार आणायला त्सुइदी, दोघी जेवल्या होत्या त्या नावेवरच्या खोलीत गेली आणि दारातच थांबली. ताटातला मासा पुन्हा सुलटा केलेला होता. काटा अख्खा उचलून कडेला ठेवलेला, खालची बाजू अर्धी खाल्लेली. आल्याचे तुकडे वेचून बाजूला काढलेले. आणि ताटाच्या डाव्या हाताला काड्यांची तिसरी जोडी, ओलीचिंब. आगन डावखुरा होता, आल्याला तोंड लावत नसे.

त्सुइदी तिथेच बसून पोटभर रडली. मग तिला फार हलकं वाटलं.

पोर सुखरूप घरी पोचली. किती खोली लिहू, असं तिने फोनवर विचारलं तेव्हा त्सुइदी म्हणाली, चाळीस लिही नेहमीसारखं. मग तिने धक्क्यावर दोरी वाळत घातली. दोरीला दर अर्ध्या मीटरला लाल दोरा बांधलेला असतो. ओले दोरे तिने मोजले, पुन्हा मोजले. आठ. म्हणजे चार मीटर. सातव्या खांबापाशी तळ दोन मीटरवर लागतो, हे तिच्याइतकं कुणाला ठाऊक नव्हतं.

तिने दोरी गुंडाळून ठेवली. पुढच्या फेरीला माशात आलं घालायचं नाही, एवढं मात्र तिने ठरवून टाकलं.