पुसलेल्या फाइलचा कागद

दवाखान्यातून फोन आला तेव्हा सकाळचे दहा वाजले होते. काल हर्नियाचं ऑपरेशन झालेल्या गोमाजींचं रक्त थांबत नव्हतं. खाडीकाठच्या कोळीवाड्यातला हा म्हातारा आता अतिदक्षता विभागात होता. रक्त पातळ करायची गोळी त्यांनी ऑपरेशनच्या सकाळपर्यंत घेतली होती, कारण दवाखान्याच्या सूचनापत्रात ठसठशीत छापलं होतं : ‘चालू गोळ्या बंद करू नयेत.’

सूचनापत्रं छापणारा प्रोग्रॅम नौपाड्यातल्या विनीतच्या छोट्या कंपनीचा. आणि ती ओळ बदलायला दवाखान्याने तीन तारखेलाच सांगितलं होतं, तेही कंपनीतल्या केतनला.

विनीतने संचिताला आत बोलावलं. “तू सगळ्यांत सिनियर. चूक कोणाची ते चारपर्यंत शोधून काढ. दवाखान्याला नाव द्यायचंय. केतनच असणार म्हणा, त्याला आजच घरी पाठवतो.”

संचिताला ते ऐकवेना. केतनचं सहा महिन्यांपूर्वी लग्न झालेलं, कोपरला घर भाड्याने घेतलेलं; त्यामुळेच वाईट वाटत असेल, असं तिने स्वतःला समजावलं. माणूस स्वतःला काय वाट्टेल ते समजावू शकतो.

“तीन तारखेला नक्की काय केलंस?” तिने केतनला विचारलं.

“सर्व्हरवरची साच्याची फाइल उघडली, ओळ बदलली, सेव्ह केली. नेहमीसारखं.”

साचा म्हणजे पत्राचा ठरलेला मजकूर. पेशंटचं नाव, तारीख यांच्या जागा त्यात रिकाम्या. त्या भरून प्रोग्रॅम कागद काढायचा.

“छापून बघितलंस?”

केतन खाली बघू लागला. “नाही. दोन वर्षं असंच करतोय. कधी चुकलं नाही.”

तिने फाइल उघडली. ‘रक्त पातळ करणारी गोळी डॉक्टरांना विचारून पाच दिवस आधी बंद करावी.’ काना-मात्रेसकट बरोबर. तीन तारखेनंतर फाइलला कोणी हातही लावला नव्हता.

म्हणजे फाइल बरोबर आणि कागद चुकीचा. हे कसं?

तिने गोमाजींच्या सुनेला, दक्षताला फोन लावला. “कागद जुना तर नव्हता ना?”

“नाय ओ ताई. अकरा तारखेला माझ्यासमोर छापून दिला. डॉक्टरनी गोळ्यांचं इचारलं, तवा आमी बोललो, कागदात लिवलंय तसंच केलंय.”

दक्षताने कागदाचा फोटो पाठवला. तळाला एक ओळ होती : ‘शनिवारी दवाखाना बंद राहील.’

“केतन, ही शनिवारची ओळ कधी घातलीस?”

“गेल्या महिन्यात. वीस तारखेला.”

“याच फाइलमध्ये?”

“हो. ती तर आली ना छापून!”

वीस तारखेचा बदल कागदावर पोचला, तीन तारखेचा नाही. मधे काय झालं? संचिताने कामांच्या नोंदी काढल्या. मधे एकच नोंद होती. ती वाचली आणि तिने स्क्रीन केतनपासून फिरवली.

“चाचणीच्या मशीनवरची ती फाइल पुसून टाक.”

“अगं, मग कागद निघेल कसा?”

“पूस रे.”

केतनने फाइल पुसली. तिने बटण दाबलं. प्रिंटरमधून आख्खा कागद बाहेर आला. मजकूर जुनाच होता.

केतन कागदाकडे बघत राहिला. संचिताला मात्र बघायची गरज नव्हती. तिने आधी दुरुस्त प्रोग्रॅम चढवला, मग तीन तारखेनंतर कागद मिळालेल्या एकतीस जणांची यादी दवाखान्याला पाठवली. तिकडे फोनाफोनी सुरू झाली.

चार वाजले. तिने लिहिलेला प्रोग्रॅम रस्ट नावाच्या प्रोग्रॅमिंगच्या भाषेत होता आणि रस्ट वाचता येणारं कंपनीत दुसरं कोणी नव्हतं. ती गप्प बसली असती तर कोणाला कळलंही नसतं. हा विचार तिच्या मनात येऊन गेला, आणि त्याची तिला लाज वाटली.

“आधी प्रोग्रॅम दर वेळी फाइल उघडून साचा वाचायचा,” ती विनीतला म्हणाली. “बावीस तारखेपासून नाही वाचत. आता प्रोग्रॅम तयार होतानाच साचा त्याच्या पोटात जातो. मांडणीत चूक असेल तर तिथेच पकडली जाते, कागदही झटकन निघतो. पण नंतर बाहेरची फाइल बदला नाहीतर पुसा, त्याला पत्ताच नसतो. शनिवारची ओळ बावीसच्या आधीची, म्हणून छापली गेली. गोळीची नंतरची.”

“आणि हा बदल केला कोणी?”

“मी.”

विनीत गोंधळला. “ते काम? त्याचं तर मी सगळ्यांसमोर कौतुक केलेलं.”

“हो. जुनी फाइल मी तिथून काढायला हवी होती. मग केतनला ती सापडलीच नसती, त्याने मला विचारलं असतं. पण शनिवार होता, बहिणीच्या हळदीला जायचं होतं. म्हटलं, सोमवारी काढू, सोमवारी सांगू. सोमवारी तू कौतुक केलंस आणि मी हुरळून विसरले.”

“छापून मीपण बघायला हवं होतं,” केतन पुटपुटला.

“हवं होतं. पण ती फसवी फाइल तुझ्यासाठी मीच तिथे ठेवली होती.”

विनीतने दवाखान्याचा नंबर काढला. “केतन, तू जा, कामाला लाग. संचिता, दवाखान्याला तुझं नाव कळवावं लागेल.”

“कळव. गोमाजींच्या घरच्यांना मी सांगते.”

तिने जिन्यात उभं राहून दक्षताला फोन लावला. “तो कागद माझ्यामुळे चुकला. तुम्ही सगळं बरोबर केलंत.”



“ती गोळी रोज मीच त्यांच्या हातावर ठेवायची, ताई,” दक्षता म्हणाली. “ऑपरेशनच्या सकाळीबी. माझा नवरा कालपासून माझ्याशी बोलत नाय.”

मग तिने फोन नवऱ्याच्या हातात दिला, आणि संचिता पहिल्यापासून सांगू लागली.