रिजेक्शनमधली चौदावी

समर्थची आणि माझी पहिली भेट माझ्या चुकीमुळे झाली. चूक अशी, की मी गुरुवारी तळवड्याला गेले.

आमच्या चाकणच्या कंपनीला सुट्टी रविवारी असते. तळवडे, भोसरी, चिंचवडकडच्या लहान वर्कशॉपना मात्र गुरुवारी. हे पिंपरी-चिंचवडमध्ये शेंबड्या पोरालाही माहीत असतं. मलाही माहीत होतं. वडिलांनी तीस वर्षं पिंपरीतच नोकरी केली. पण मी कामाला लागून तीनच आठवडे झाले होते, आणि सुटे भाग पुरवणाऱ्यांच्या तपासणीचं वेळापत्रक करताना गुरुवार माझ्या ध्यानातून साफ निसटला.

तर जुलैतल्या एका गुरुवारी, सकाळी दहा वाजता, मी रंगरावांच्या प्रेस शॉपसमोर उभी. पाऊस भुरभुरत होता, ओढणी गळ्याला चिकटली होती आणि फाइल प्लॅस्टिकच्या पिशवीत होती. शटर बंद. आणि आत मशीन चालू होतं... नुसतं चालू नव्हतं, शेवटच्या घटका मोजत होतं. मला वाटलं, प्रेसचं बेअरिंग गेलंय आणि आत कुणीतरी एकटंच अडकलंय. मी दोन्ही मुठींनी शटर बडवलं आणि पोटातून ओरडले, "बंद करा! आधी मेन स्विच बंद करा!"

आवाज थांबला. शटर कमरेइतकं वर गेलं. आधी चपला दिसल्या, मग दोन काठ्या, मग वाकून बाहेर बघणारा एक चेहरा. घामानं ओला, आणि डोळे मोठे कुतूहलाचे.

"कशाला ओरडायलात, मॅडम?"

"आत मशीन..."

"मशीन नाही. बँड हाय."

त्यानं शटर पूर्ण वर केलं. दोन प्रेसच्या मधल्या जागेत ड्रम मांडलेले, शेजारी गिटार घेतलेला एक चष्मेवाला, त्याच्याही पलीकडे बेस घेतलेला दुसरा. मधोमध एक माइक, आणि त्याच्यासमोर कुणीच नाही.

"कसला बँड?"

"हेवी मेटल. नाव रिजेक्शन."

"रिजेक्शन तर मी रोजच करते," मी म्हणाले. "क्वालिटीत आहे. ऑडिटला आले होते."

"गुरुवारी?"

तो हसला... पण मला हसला नाही, हे मी तेव्हाच टिपलं.

"आवाज भारी हाय तुमचा," तो म्हणाला. "ड्रमच्या वर आला. आमचा गायक मंगळवारी गेला. तिसरी शिफ्ट लागली त्याला."

"मग?"

"मग काही नाही. माइक मोकळा हाय, एवढंच सांगायलो."

"मी गात नाही."

"मग ऑडिट करा. आम्ही वाजवतो."

बाहेर पावसानं जोर धरला होता, म्हणून मी थांबले. निदान तेव्हा स्वतःला तसंच सांगितलं. एका उलट्या क्रेटवर बसून मी त्यांची तीन गाणी ऐकली आणि वहीत दोन मुद्दे लिहिले. एक, कानांना कुणीच काही लावलेलं नाही. दोन, तिसऱ्या गाण्यात ड्रमर घाई करतो. तो माझ्या खांद्यावरून वाचत होता. त्याच्या शर्टाला कटिंग ऑइलचा वास होता.

"घाई होते, हे सात माणसं वाजवून गेली तरी कुणी सांगितलं नाही मला," तो हळूच म्हणाला.

"आता सांगितलं. सुधारणा काय करणार?"

"पुढच्या गुरुवारी या. दाखवतो."

मी जाणार नव्हते. गेले.

समर्थ रंगरावांकडे डाय फिटर होता, म्हणजे प्रेसचे साचे बसवणारा. वडील जिंतूरकडून कामासाठी आले ते इथलेच झाले. चष्मेवाला ओजस तळवड्याच्याच आयटी पार्कमध्ये होता आणि घरून काम करण्याचा दिवस गुरुवारचाच घ्यायचा. वर्कशॉपचे मालक रंगराव हे मूळचे तिथलेच, जुने गाववाले. गुरुवारी शेड रिकामी असते म्हणून त्यांनी सरावाला दिली होती. चौथ्या आठवड्यात त्यांनी मला माइकवर गुरगुरत गाताना ऐकलं आणि चहाचा कप खाली ठेवला.

"पोरी, तुजं नाव काय म्हनलीस?"

"मृदुला."

"कुनी ठेवलं?"

"आजीनं."

"त्यास्नी ह्ये ऐकवू नको," ते म्हणाले आणि पुन्हा कप उचलला.

घरी आई मला ज्येष्ठमध देत होती. रविवारी मी कामाला जायचे आणि त्याबदली गुरुवारची सुट्टी घ्यायचे. कंपनीत लोकांना वाटायचं, मी फार कष्टाळू आहे. कुणी तसं म्हटलं की मी नाकारत नसे.

बँड मात्र बँड म्हणावा असा कधी नव्हताच. माणसं येत आणि जात. एक बेसवाला साखरपुड्यानंतर आलाच नाही, कारण मुलीकडच्यांनी विचारलं होतं की गुरुवारी हा नक्की कुठं जातो. एकाची कंपनी रांजणगावला हलली. एक चाळीस मिनिटं वाजवून चहा आणायला गेला, तो तिकडूनच तळेगावला घरी गेला. मी आले तेव्हा सात जण सोडून गेलेले होते. माझ्या डोळ्यांदेखत आणखी सहा गेले. मी ही मोजदाद थंडपणे करायचे, तो माझा पेशाच आहे.

समर्थला ते जमत नसे. अशा प्रत्येक वर्कशॉपमध्ये भिंतीवर एक बोर्ड असतो. मशीनवरचा माणूस बदलला की त्यावर लिहायचं: कोण गेला, कोण आला, कधीपासून. नव्या माणसाच्या हातचे पहिले पाच नग एकूण एक तपासायचे. आणि बदल होणार असेल, तर माल घेणाऱ्या कंपनीला तो आधी कळवायचा. समर्थनं बँडलाही हेच नियम लावले होते. नव्या माणसानं पाच गाणी वाजवून दाखवायची, मगच त्याला चहा. आणि सोडायचं असेल तर निदान एक गुरुवार आधी सांगायचं. पहिला नियम सगळ्यांनी पाळला. दुसरा एकानंही नाही. लोक मेसेज टाकत आणि ग्रुप सोडत.

तो चिडत नसे, शिव्याही देत नसे. संध्याकाळपर्यंत गप्प राही, आणि दुसऱ्या दिवशी कामाला लागे. पुढच्या गुरुवारी रिकाम्या जागेवर नवा माणूस हजर. यात तो एकदाही चुकला नाही. मला त्याचं कौतुक वाटायचं, आणि मग हळूहळू भीती वाटायला लागली.

कारण एव्हाना मला तो आवडायला लागला होता.

तसं फार काही घडलं नव्हतं. त्यानं माझ्यासाठी पिवळे इअरप्लग आणले होते, दोरीवाले, आणि दर गुरुवारी ते आठवणीनं माझ्या हातावर ठेवायचा. सरावानंतर चौकातल्या टपरीवर आम्ही पोहे खायचो. तो शेव माझ्या पोह्यांत घालायचा आणि वर म्हणायचा, "मला आवडत नाही." तीन महिन्यांनी मी बघितलं, एकटा असला की तो शेव जास्तीची मागून घेतो.

"तू माझ्याशी खोटं बोलतोस," मी म्हणाले. 'तू' पहिल्यांदाच म्हणाले.

"कशाबद्दल?"

"शेवेबद्दल."

"हां... मग अजून काय काय खोटं बोलायलो, ते पण शोधा. क्वालिटीत आहात ना."

"शोधा नाही. शोध म्हण."

त्यानं ताटलीत बघितलं. कान लाल झाले होते. "शोध," तो म्हणाला, आणि आम्ही दोघं उगीचच रस्त्यावरच्या ट्रककडे बघत बसलो.

जानेवारीत साहेबांनी बोलावून सांगितलं, गुजरातेत साणंदला नवा प्लांट सुरू होतोय, तिथं जाशील का. दोन वर्षं, आणि पद वरचं. मी चार दिवसांत हो म्हटलं. मला ते काम हवं होतं, त्यात मला आजही काही वावगं वाटत नाही. पण समर्थला सांगायचं राहिलं. पहिला गुरुवार गेला, दुसरा गेला. बँडला पहिल्यांदाच कार्यक्रम मिळाला होता, तळेगावजवळच्या एका इंजिनिअरिंग कॉलेजात, फेब्रुवारीतल्या गुरुवारी, वीस मिनिटं. ते होऊन जाऊ दे, असं मी ठरवलं. खरं कारण वेगळं होतं. मी सांगितलं असतं, तर तो संध्याकाळपर्यंत गप्प राहिला असता... आणि पुढच्या गुरुवारी माझ्या माइकसमोर कुणीतरी उभं असतं. ते मला बघवलं नसतं.

कार्यक्रमाच्या सकाळी मी वर्कशॉपला पोचले. समर्थ आणि ओजस रंगरावांच्या टेम्पोत ड्रम चढवत होते. मी पाणी प्यायला आत गेले, आणि बोर्डवर माझं नाव दिसलं.

आमच्या कंपनीचं पत्र होतं. एक मार्चपासून सौ. साक्षी फडतरे या मृदुला गोखले यांच्या जागी काम पाहतील, सर्व पुरवठादारांनी नोंद घ्यावी. खाली तारीख होती सोमवारची. पत्राचा मजकूर मीच लिहिला होता. पाठवायच्या यादीत बेचाळीस नावं मीच भरली होती, त्यात रंगरावांचंही. बदल आधी कळवायचा, हा नियम कंपनी काटेकोर पाळते, आणि मी तर त्यासाठीच पगार घेते. फक्त तो कागद ज्या भिंतीवर लागणार, त्या भिंतीसमोर समर्थ रोज आठ तास उभा असतो, हे माझ्या डोक्यात आलं नाही.

म्हणजे त्याला सोमवारपासून माहीत होतं.

तळेगावला आम्ही त्याच्या बाइकवरून गेलो. देहूरोडच्या पुढं सिग्नलला थांबलो तेव्हा तो म्हणाला, "ऊन लागत असेल तर ओढणी घ्या हातांवर."

घ्या म्हणाला. मला रडू आलं, पण हेल्मेटमध्ये ते खपून गेलं.

कार्यक्रम जेमतेम झाला. नव्या बेसवाल्याला चार दिवसच झाले होते, दुसऱ्या गाण्यात तो हरवला. समोर साठेक मुलं होती, त्यातली निम्मी वडापावच्या रांगेत. पण शेवटच्या गाण्यात मी जे ओरडले, ते आठ महिन्यांत कधी ओरडले नव्हते. रांगेतली मुलंही वळून बघायला लागली. गाणं संपल्यावर मी मागं पाहिलं. समर्थ काठ्या मांडीवर ठेवून माझ्याकडेच बघत होता, आणि त्याची नजर हटत नव्हती.

नंतर स्टेजमागच्या पायरीवर तो झांजा फडक्यात गुंडाळत बसला. ओजस टेम्पो आणायला गेला होता. मी शेजारी जाऊन बसले.

"कंपनीनं आधी कळवलं," तो म्हणाला. "तुम्ही नाही."

"हो."

"तेरा जणांचे मेसेज आहेत माझ्याकडं. तुमचा चौदावा. सोमवारपासून वाट बघायलो, आज येईल, उद्या येईल..."

"मी मेसेज टाकणार नव्हते."

"मग?"

"मला माहीत नाही, समर्थ. तू आठवड्याभरात नवीन माणूस आणतोस. कुणी गेलं की तुझ्या हाताला लगेच काम लागतं. मला ते माझ्या बाबतीत बघायचं नव्हतं. तुला सांगितलं असतं आणि तू 'बरं' म्हणाला असतास, तर... मला फार लागलं असतं."

त्यानं झांज बाजूला ठेवली. बराच वेळ फडक्याची घडी घालत राहिला. घडी नीट येत नव्हती.

"गायक मिळंल," तो म्हणाला. "खोटं कशाला बोलू. पुढच्या गुरुवारपर्यंत मिळंल. निगडीचा एक जण हाय, त्याला ऐकलंय मी."

"बरं," मी म्हणाले.

"ऐकून तरी घे."

'घे' म्हणाला होता. मी ऐकलं.

"त्या माइकवर कुणीही येऊ दे. आजवर आलेच की. पण सोमवारपासून मी एकच बघायलो... टपरीवर, बाइकवर, शटरजवळ... तुझ्या जागी मी कुणाला आणू?"

माझ्याकडे त्याचं उत्तर होतं. बहुधा बऱ्याच दिवसांपासून होतं. फक्त कुणी विचारलं नव्हतं.

"कुणालाच आणू नकोस," मी म्हणाले. "मी सोडलेली नाही."

"साणंदला जायलीस ना?"

"जातेय. बँड सोडतेय. तुला नाही."

मग त्यानं माझा हात घेतला, तळव्यावर काठ्यांनी पडलेले त्याचे घट्टे मला टोचले, आणि मला एकदम फार बरं वाटलं.

"मला हे असं बोलता येतं, हे माहीत नव्हतं," मी म्हणाले.

"मला माहीत होतं," तो म्हणाला. "फक्त वेळ लई लावलास."

ओजसनं टेम्पोचा हॉर्न दोनदा वाजवला. आम्ही लगेच उठलो नाही.

एक मार्चला मी साणंदला गेले. निगडीचा गायक चांगला निघाला, पण तीन गुरुवारांनी त्याला दुसरी शिफ्ट लागली. मग ओजस बंगळूरला गेला. एप्रिलच्या मध्यात समर्थनं ड्रम पोत्यात बांधून ठेवले आणि मला फोनवर सांगितलं. आवाजात फारसं दुःख नव्हतं. रिजेक्शन एकूण वीस महिने चालला.

आम्हा दोघांना मात्र येत्या फेब्रुवारीत दोन वर्षं होतील.