माणूस हाय का गाडीत?

श्रेयांस मगदूम तसा चिक्कू नव्हता. निपाणीत पंप-मोटारींचं चालतं दुकान होतं, गावाकडं मळा होता, आणि धाकट्या बहिणीच्या, क्षमाच्या लग्नात हात आखडता घ्यायचा नाही असं त्यानं चारचौघांत सांगून टाकलं होतं. पण गाडी उभी करायचे पैसे द्यायची वेळ आली की त्याचं डोकं फिरायचं. बेळगावला जाताना हत्तरगीच्या टोलनाक्यावर तो मुकाट्यानं पैसे भरायचा, कारण तिथं निदान रस्ता तरी मिळतो. नुसत्या उभ्या राहिलेल्या गाडीचं कसलं भाडं? "गाडी काय जेवती का हितं थांबून?" असं तो बेळगावच्या पार्किंगवाल्याला दर खेपेला विचारायचा आणि पार्किंगवाला कन्नडमधून काहीतरी पुटपुटत पावती फाडून हातात द्यायचा.

त्यात गणपत गल्ली आणि खडेबाजाराच्या आसपासचे दर भलतेच चढले. आकारणी तासावर. साड्यांच्या दुकानात बायकांचा एक तास कसा जातो ते सांगायला नको. रस्त्याकडेला गाडी लावावी तर पोलीस उचलून नेणार, आणि सोडवून आणायची म्हणजे दिवस गेला. यावर श्रेयांसनं एक तोडगा काढला होता. तो तोडगा म्हणजे त्याची आई.

पद्मावतीबाईंना घरात सगळेच आक्का म्हणत, म्हणून मुलगाही आक्काच म्हणे. आक्काचे गुडघे गेले होते. बाजारातून फिरणं व्हायचं नाही, पण क्षमाच्या लग्नाचं कापड आपल्या नजरेखालून गेलंच पाहिजे, हा हट्ट. मग तिला पुढच्या सीटवर बसवायचं, काच थोडी खाली ठेवायची आणि निवडलेल्या साड्या गाडीपाशी आणून दाखवायच्या. गाडीत म्हातारी बाई दिसली की पोलीस शिट्टी मारून पुढं जातो, गाडीला हात लावत नाही. यात श्रेयांसनं काही जगावेगळं केलं असंही नाही. आपल्याकडं सगळेच करतात. घरातलं माणूस गाडीत बसवायचं, 'आत्ता आलो' म्हणायचं आणि निघायचं.

आक्काची अट एकच होती. दिवस मावळायच्या आत जेवण. मगदुमांच्या जैन घरात नवरी म्हणून आल्यापासून सूर्य बुडाल्यावर तिच्या तोंडात अन्नाचा कण गेला नव्हता, तापानं फणफणली होती तेव्हासुद्धा नाही. म्हणून डबा बरोबर असायचा. घड्याळ ती बघत नसे. ऊन कुठंवर आलं ते बघायची आणि डबा उघडायची.

ती जागा त्यांना सापडली तीही अशीच, पार्किंगवाल्याशी भांडण झाल्यावर. रागारागानं श्रेयांसनं गाडी एका बोळात घातली. बंद पडलेल्या तेलाच्या गिरणीला वळसा घालून बोळ एका मोकळ्या आवारात उघडत होता. पत्र्याचं फाटक, आत ओळीनं लावलेल्या गाड्या. फाटकाशी पांढऱ्या सदऱ्यातला एक माणूस स्टुलावर बसला होता. त्यानं उठून पुढच्या काचेतून आत वाकून बघितलं.

"माणूस हाय का गाडीत?"

"आई बसणार हाय. किती घेता तासाला?"

"माणूस हाय म्हटल्यावर कसले पैसे, अण्णा? माणूस नसंल त्या गाडीला पैसे." त्यानं फाटक उघडलं. "बर्री, बर्री. या आत."

श्रेयांसचा जीव हरखला. सोनलनं, त्याच्या बायकोनं, जरा मागंपुढं केलं. "अवो, पावती न्हाई, बोर्ड न्हाई..." पण फुकटात मिळालेल्या जागेपुढं बायकोचं कोण ऐकतो? त्यानं गाडी शेवटच्या ओळीत लावली. शेजारी खोबरी रंगाची जुनी अ‍ॅम्बेसेडर होती. तिच्यात हिरव्या लुगड्यातली एक म्हातारी बसली होती, सरळ समोर बघत. दुसऱ्या बाजूच्या फियाटमध्ये पांढरी टोपी घातलेला एक गृहस्थ. त्याच्या पलीकडंही कोणी ना कोणी होतंच. सगळीकडं घरातली वडीलधारी माणसं बघून श्रेयांसला उलट बरंच वाटलं. आपल्यासारखेच शहाणे लोक बरेच आहेत, असं तो मनात म्हणाला.

"आत्ता आलो, आक्का."

"जा. बसतो मी. ऊन वर हाय अजून," आक्का म्हणाली. गिरणीच्या भिंतीवर मधोमध उन्हाचा पट्टा पडला होता.

परत आले तेव्हा दुपार कलली होती. आक्का जशीच्या तशी बसलेली, डब्याला हात लावलेला नाही.

"जेवली न्हाईस?"

"आत्ताच तर गेलतास," ती म्हणाली. "आलास पण?"

डुलकी लागली असेल, असं सोनल म्हणाली. बोळातून बाहेर पडल्यावर रिक्षांचे हॉर्न एकदम कानांवर आदळले तेव्हा श्रेयांसच्या लक्षात आलं, आत काहीच ऐकू येत नव्हतं. भर बाजाराच्या मागं असून बाजाराचा आवाज नव्हता.

पुढच्या आठवड्यात पुन्हा जाणं झालं. शालू आणायचा होता. या खेपेला श्रेयांस गाडीतून उतरून जरा इकडंतिकडं फिरला. अ‍ॅम्बेसेडरची चारही चाकं जमिनीला टेकली होती. रबर भेगाळून त्यातून गवत वर आलेलं. पुढच्या काचेवर धुळीचा थर होता, आणि त्या धुळीमागं म्हातारीचं लुगडं मात्र इस्त्रीचं, कपाळावरचं कुंकू ओलं. भंगारातली गाडी असेल, म्हातारी रोज येऊन बसत असेल. असं काहीतरी त्यानं स्वतःला सांगितलं. दुकान उघडलेलं होतं, सोनल पुढं गेली होती, त्याला घाई होती.

परतीच्या वाटेवर आक्का खुशीत होती.

"कंटाळा आला न्हाई न्हवं?" सोनलनं विचारलं.

"कंटाळा कसला? बोलत्यात की सगळी. ती शेजारच्या गाडीतली गुणाबाई लई बोलकी. खानापूरकडची. रात्री गार भातावर ताक वतून खाल्ल्याबिगर झोप लागत न्हाई म्हणती. मी म्हटलं, आमच्यात रात्रीचं चालत न्हाई बाई."

"कुठं गेल्यात त्यांच्या घरची?"

"ल्योक भांडी घ्यायला गेलाय, आत्ता येतो म्हणून. लई इचारती ती. घरात कोण कोण, सुनंचं नाव काय, तांदूळ कुठल्या डब्यात, क्षमाला दिलेलं घर कसं हाय. श्रेयांसला लहानपणी काय म्हणत होता, ते पण इचारलं."

"सांगितलंस?"

"सांगायला काय जातंय? बब्या म्हणत होतो म्हटलं."

श्रेयांस हसला. पण हसताना त्याच्या डोळ्यांपुढं ते भेगाळलेलं रबर आलं.

तिसरी खेप लग्नाआधीची शेवटची. सोनल म्हणत होती, या वेळी पैसे भरून नीट जागी लावू या. श्रेयांसलाही क्षणभर तसंच वाटलं होतं. पण नेहमीच्या पार्किंगवाल्यानं सणाचा म्हणून वाढीव दर सांगितला आणि त्याचा हात परत स्टिअरिंगवर गेला. ब्लाउज शिवून यायचे होते, शिंप्यानं ताटकळत ठेवलं. श्रेयांस सारखा बाहेर येऊन आकाश बघत होता. आक्का डबा उघडेल ना? ऊन बघून ती जेवते, विसरायची नाही. ब्लाउज हातात पडले तेव्हा गल्लीतले दिवे लागले होते. तो पळतच बोळात शिरला.

आक्का गाडीत होती. डबा मांडीवर, न उघडलेला.

"आक्का, चुकलं माझं. दिवस बुडाला गं."

"असू दे," ती म्हणाली.

शेजारची अ‍ॅम्बेसेडर अंधारात होती. आत कोणीतरी बसलेलं दिसलं, हात हलल्यासारखा वाटला. श्रेयांसनं नीट बघितलं नाही. त्याला आईला लवकर घरी न्यायचं होतं. हेच त्याला पुढं टोचणार होतं.

संकेश्वर मागं पडलं तेव्हा पुढच्या सीटवर डब्याचं झाकण वाजलं. आक्का जेवत होती.

सोनलनं मागून नवऱ्याच्या खांद्यावर हात ठेवला. आक्का सावकाश, चवीनं जेवली आणि बोटं चाटून पुसली.

घरी पोचल्यावर ती गाडीतून उतरली. गुडघ्यावर हात न ठेवता पायऱ्या चढली. सरळ स्वयंपाकघरात गेली आणि तिनं न चुकता तांदळाचाच डबा उघडला.

"सोनल, थोडा भात टाक गं. गार झाला की ताक वतून खातो."

रात्रभर श्रेयांस अंथरुणावर बसून राहिला. चेहरा आक्काचा. आवाज आक्काचा. हातावरचं गोंदण तेच. पहाटे तो तिच्या खोलीच्या दारात उभा राहिला.

"आक्का, आज माझ्यासंगं बेळगावला येतीस?"

तिनं कूस बदलून त्याच्याकडं बघितलं. हसली.

"न्हाई रं बब्या. त्या गाडीत बसून बसून जीव इटला माझा. आता न्हाई."

तो एकटाच निघाला.

पत्र्याचं फाटक तिथंच होतं. पांढऱ्या सदऱ्याच्या माणसानं उठून, वाकून आत बघितलं.

"माणूस हाय का गाडीत?"

"माझी आई आत राहिली. तिला न्यायचं हाय."

"चालत आत सोडत न्हाई, अण्णा. गाडीबिगर कुणाला न्हाई." माणूस शांत होता. "आणि रिकामी गाडी लावायची तर पैसे लई पडतील."

इतकं होऊनही श्रेयांसच्या तोंडून जुन्या सवयीनं शब्द गेले. "रिकामी कुठाय? मी बसतो की गाडीत."

फाटक उघडलं.

शेवटच्या ओळीत त्याचीच जागा मोकळी होती. तो उतरला आणि अ‍ॅम्बेसेडरकडं धावला. धुळीच्या काचेमागं आक्काचं कालचंच जांभळ्या काठाचं पांढरं लुगडं. आक्का बोटांच्या पेरांवर णमोकाराचा जप मोजत होती.

त्यानं दार ओढलं. गंजून एकजीव झालेलं, हललंसुद्धा नाही. काचेवर मुठी मारल्या. दगड उचलून मारला. ओरखडाही उठला नाही.

आक्कानं मान वळवली. आवाज काचेतून अगदी स्वच्छ आला.

"आलास? आत्ताच तर गेलतास."

"आक्का, बाहेर ये गं. माझ्या आये, बाहेर ये."

"येतो की. आधी जेवायचं हाय न्हवं?" तिनं गिरणीच्या भिंतीकडं बघितलं. उन्हाचा पट्टा मधोमध होता. "ऊन वर हाय अजून."

श्रेयांस तिथंच खाली बसून लहान पोरासारखा रडला. मग फाटकाकडं गेला. कितीही पैसे घ्या म्हणाला, पाया पडला. माणूस मान हलवत राहिला.

"गाडी ज्याची, त्यातलं माणूस त्याचं. त्या गाडीचा मालक भांडी घ्यायला गेलाय. येईल आत्ता. तवर तुमी गाडीत बसा, अण्णा. रिकामी ठेवू नगा."

तो येऊन गाडीत बसला. आईच्या शेजारी तरी बसलो, एवढंच त्याला वाटलं. काच खाली केली, म्हणजे तिचा णमोकार ऐकू येईल. कोणी काही विचारलं तर तोंड उघडायचं नाही, हे त्यानं मनाशी पक्कं केलं होतं. पलीकडच्या बाजूनं पांढऱ्या टोपीचा गृहस्थ अधूनमधून बघायचा. श्रेयांस समोर बघत राहायचा.

भिंतीवरचा पट्टा मधोमध होता.

भूक लागली नाही. हॉर्न ऐकू येत नव्हते. फोन लावायला हवा, असं एकदा मनात आलं, पण आत्ताच तर आलो, मग लावू, असं वाटलं.

"आत्ताच आलात?" टोपीवाल्यानं विचारलं. आवाज लाघवी होता, घरच्यासारखा.

"व्हय, आत्ताच," श्रेयांस म्हणाला. नुसत्या होकारानं काय बिघडतंय?

"निपाणीचे काय?"

"निपाणीच."

"घरात कोण कोण हाय?"

शेजारी आक्काचा जप चालला होता. कोणीतरी आपुलकीनं विचारतंय, याचं त्याला फार बरं वाटलं. सोनल, त्यानं सांगितलं. क्षमाचं लग्न तोंडावर आलंय. दुकान कुठं, किल्ल्या कुणाकडं, सोनल रुसली की काय आणून दिलं म्हणजे हसते.

टोपीवाला एकेक गोष्ट ऐकून घेत होता, मान डोलवत होता.

"आणि घरी गेल्यावर गाडीची चावी कुठं अडकवता?"

"देवघराशेजारी खिळा हाय," श्रेयांस म्हणाला. "दारातनं आत गेलं की उजव्या हाताला."