चोरून आणलेली फांदी

"जा रे, समोरच्या चंद्रभागाकाकींच्या मनी प्लांटची एक फांदी घेऊन ये. आणि विचारत बसू नकोस. चोरून आणलेलाच लागतो," नंदा मुलाला म्हणाली.

प्रीतमने मोबाइल ठेवला. इंजिनिअरिंग सोडल्यापासून घरातली असली कामं त्याच्याच गळ्यात होती. आई देवाला घाबरायची, शेजाऱ्यांना घाबरायची, चोरीला मात्र नाही.

दिवा स्टेशनजवळची ती बिल्डिंग. भरदुपारीही पॅसेजमध्ये अंधार, ओल्या भिंतींचा कुबट वास. काकींचं दार उघडंच असायचं. मांडीचं हाड मोडल्यापासून त्या खाटेवर होत्या, पण हात दिवसभर चालू. अख्खी बिल्डिंग त्यांनी वळलेल्या वाती फुकट नेऊन देवापुढे लावायची. आणि "पुढे काय करणार?" हे प्रीतमला न विचारणारं ते एकच माणूस होतं.

दारावर चढलेल्या वेलीला त्याने पेराखाली कात्री लावली. कट्.

"आय गं...!"

तो आत धावला. "काकी, काय झालं?"

"काय नाय रं... कोनी चावल्यावानी झालं." त्यांची करंगळी आत वळली होती. ती सरळ होईना.

घरी काचेच्या बाटलीत, पेर पाण्यात बुडेल अशी फांदी ठेवली. बघता बघता पांढरी मुळं फुटली, पानं तळहाताएवढी झाली.

"बघ, चोरीचं कसं लागतं!" वडील, गुणाजी, खूश.

मग मजल्यावरच्या बायकांनाही हवी झाली. येता-जाता एकेकीने एकेक फांदी कापून नेली. काकींच्या वाती आधी वेड्यावाकड्या झाल्या, मग बंदच झाल्या. दहाही बोटं मुडपून गेली. बायका म्हणाल्या, वय झालं.

फांदी कापली की काकींचं बोट वळतं, हे प्रीतमने घरात सांगून पाहिलं.

"कॉलेज सोडलंस तेव्हाच कळलं होतं, डोक्यावर परिणाम झालाय," गुणाजी म्हणाला.

प्रीतमने बाटली उचलली आणि काकींच्या उशाशी नेऊन ठेवली. थोड्या वेळाने करंगळी हलली. हळूहळू... सरळ झाली.

"बरं वाटतं रं, बाला..."

बाकीच्या बाटल्याही मागून आणाव्यात म्हणून तो उठला, तर दारात आई. हातात कात्री.

"घरातली लक्ष्मी दुसऱ्याच्या घरात ठेवतोस? लाज नाही वाटत?"

"आई, काकींच्या बोटाकडे बघ ना..."

नंदाने पाहिलं नाही. वरच्या मजल्यांवरूनही मागणी होती. तिने तिथेच दारावरची वेल हातात धरली आणि पेरापेराला कापली. कट्. कट्. काकी ओरडल्या नाहीत. तोंड नुसतं उघडं राहिलं... ते मिटलंच नाही.

अंत्ययात्रेला सगळी बिल्डिंग लोटली. "देवमाणूस होत्या," गुणाजी चारचौघांत म्हणाला. मुंब्र्याकडच्या पुतण्याने खोलीला कुलूप लावलं.

दुसऱ्या दिवशी प्रीतमने खालून वर पाहिलं. खिडकी-खिडकीत बाटली. झाडं उन्हाकडे वळतात, एवढं तर तो शाळेत शिकला होता. इथे प्रत्येक पान उन्हाकडे पाठ करून होतं. घरात बघत.

तो वर आला. आईने परत आणून खिडकीत ठेवलेली बाटली त्याने गर्रकन फिरवली. पानं आता बाहेर, उन्हाकडे.

"आई, ही फेकू या गं..."

"हात लावशील तर बघ!" म्हणत नंदा स्वयंपाकघरातून आली आणि पलंगावर आडवी झाली. तिला लगेच डोळा लागला.

प्रीतम पंखा लावायला वळला. परत फिरला तेव्हा सगळी पानं पलंगावरच्या आईकडे वळलेली होती. आणि सकाळीच काठोकाठ भरलेल्या त्या बाटलीत पाण्याचा थेंब नव्हता.