जनामावशीचा वाटा

माझ्या बाला त्या रात्री डोहावर कोणी धाडलं? चावडीवर वीस माणसं बसली होती. मी विचारलं, तर कोणी चिलीम झाडली, कोणी थुंकायला उठला. मला ठाऊक होतं. त्यांच्या तोंडून ऐकायचं होतं.

तुम्हांला ऐकायचं तर नीट ऐका. हसाल तर उठून जाईन.

आमचा बा, धाऊ, कोंडाण्याच्या लेण्यांखालच्या नदीत पाग टाकायचा. जाळं हवेत उघडून भाकरीसारखं गोल पाण्यावर पडायचं. शिवडा मासा मिळाला की आई चिंच घालून आंबट करायची. बारके मासे पळसाच्या पानात बांधून निखाऱ्यात. आणि आम्ही जेवायच्या आधी एक वाटा शेजारच्या जनामावशीला. एकटी बाई. कुडापलीकडून हाक यायची, "धाऊदादा, माझा वाटा?" बा म्हणायचा, "घे गं बाय."

सन अठ्ठावीसच्या मार्गशीर्षात ती डोहावर धुणं धुताना बुडाली. चार दिवस सापडली नाही. बुडालेलं माणूस वर आल्याशिवाय आमच्याकडे त्या डोहात कोणी पाग टाकत नाही. पाटलालाही हे ठाऊक. पण त्याच्याकडे नेरळला गाडीतून उतरलेले बंदूकवाले पाहुणे आले होते. त्यांना ताजा मासा हवा होता. बा नको म्हणाला. पाटील म्हणाला, "मग उद्या घर खाली कर."

वद्य अष्टमी. चंद्र उगवायचा होता. बाबरोबर माझा थोरला भाऊ लडकू गेला. पुढचं त्यानेच मला सांगितलं, तापात, दात वाजत.

पहिल्या खेपेला पाग रिकामा आला. दुसऱ्या खेपेला जड लागला.

"लडकू, धर रं. मोठा शिवडा हाय."

ओढलं. हलेना. पुन्हा ओढलं.

मग पाण्यातून...

"धाऊदादा... माझा वाटा?"

लडकूने बाचं तोंड दाबायला हात उचलला. पोचला नाही.

बा सवयीने म्हणाला, "घे गं बाय."

पागाची दोरी बाच्या मनगटाला होती.

पाणी वाजलंसुद्धा नाही.

सकाळी दोघं वर आली. जनामावशी, आणि बा. तिसऱ्या रात्री लडकू गेला. पाटील एकाही तिरडीला आला नाही.

बाच्या दहाव्याला, दिवे मालवल्यावर, मी पाटलाच्या दारावर थाप मारली.

"कोण रं?"

"कमळ्या. मासं आणलंय, पाटील."

"कुठलं?"

"डोहातलं."

"आन, आन. बापापरीस शाना निघालास."

अडसर निघाला. माझे हात रिकामे. पाटलाने कंदील वर केला, शिवी द्यायला तोंड उघडलं... आणि तसंच राहिलं.

माझ्या बाजूने, सारवलेल्या जमिनीवर, एक ओलं पाऊल उमटलं. बाईचं.

मग दुसरं. थोराड, बाचं. मागोमाग लडकूचं.

पाटील दार लोटायला धावला.

मी खांदा लावला आणि दार उघडं धरून ठेवलं. तिघंही आत जाईपर्यंत.