पाणी किती गरम ठेवायचं?

शोभेच्या माशांचं ते दुकान इतकं चिंचोळं होतं, की दोन माणसं समोरासमोर आली तर एकाला मागे सरावंच लागायचं. ती हीटरच्या फळीकडे निघाली होती. तो कासवाच्या खाद्याचा डबा घेऊन बाहेर पडत होता. दोघंही एकाच बाजूला सरले. मग दोघंही दुसऱ्या बाजूला. पुन्हा तसंच झालं तेव्हा तो जागच्या जागी थांबला आणि म्हणाला, "तुम्ही जा कुठूनही. मी आता हलत नाही."

एरवी ती हसली असती. पण तिचा जीव घरच्या टाकीत अडकला होता.

"अहो, बरे भेटलात," दुकानदार गल्ल्यावरून त्याला म्हणाला, आणि तिच्याकडे वळला. "हे जनावरांचे डॉक्टर. यांनाच विचारा की."

तिनं एका दमात सगळं सांगितलं. बाबांचे चार डिस्कस मासे – बशीसारखे गोल, चपटे, शेंदरी. वहिनीला बाळ झालं म्हणून बाबा भावाकडे गेलेत आणि मासे तिच्यावर सोपवलेत. त्यातला सगळ्यात मोठा, ज्याला बाबा 'साहेब' म्हणतात, तो काळवंडून कोपऱ्यात बसलाय. अन्नाला तोंड लावत नाही. आई गेल्यापासून बाबा बोलतात ते त्या माशाशीच जास्त, त्यामुळे...

"पाणी किती गरम ठेवायचं, एवढं सांगा," ती म्हणाली.

डॉक्टरनं तिच्याकडे पाहिलं. कानामागे गुलाबी आयसिंगचा ठिपका वाळला होता आणि तिला त्याचा पत्ताच नव्हता.

"अठ्ठावीस," तो म्हणाला.

इतकं ठामपणे म्हणाला, की तिनं लगेच विश्वास ठेवला. घरी जाऊन हीटर अठ्ठावीसवर लावला.

सकाळी त्याचा फोन आला. नंबर दुकानदाराकडून घेतला होता म्हणे. "अठ्ठावीस नको. तीस करा."

तिनं तीस केलं. एका फटक्यात केलं. दुपारपर्यंत चारही मासे वर येऊन तोंडं उघडत होते. तिनं घाबरून हीटर एकोणतीसवर आणला आणि फोन केला, तर तो हवेचा पंप घेऊन दारात हजर. गरम पाण्यात हवा कमी टिकते, हे त्यानं असं सांगितलं, जणू त्याला वाटेतच कळलं असावं.

त्यानंतर तो येतच राहिला. "सहज... इकडून जात होतो." गल्ली तिच्या घराशी संपत होती, तिकडून कुठेच जाता येत नव्हतं.

ती केक सजवण्याचं काम करायची, घरातच, पुढच्या खोलीत. तिथंच टाकीही होती. तो यायचा, टाकीपाशी क्षणभर वाकायचा, आणि मग बराच वेळ तिच्या बोटांतून लोण्याचे गुलाब कसे उमलतात ते बघत बसायचा. सकाळी फोनवर विचारायचा, "किती आहे?" ती म्हणायची, "एकोणतीस." काम तिथंच संपायचं. फोन मात्र कुणीच ठेवत नसे. हे काय चाललंय, तिला काही केल्या उमगेना. मासा बघायला येणारा माणूस माशाकडे का बघत नाही? आणि तो आला नाही की क्रीम का फुटतं?

तिनं व्हिडिओ कॉलवर वहिनीला विचारलं, तर वहिनी बाळाला थोपटत म्हणाली, "अगं, तो पाण्याचं विचारतोय असं तुला खरंच वाटतं?"

"मग कशाचं विचारतोय?"

वहिनीनं हसून फोन बाबांकडे दिला.

"साहेब जेवले का?" बाबांनी विचारलं.

"जेवले, बाबा." तिनं कॅमेरा बाकीच्या तीन माशांकडे वळवला.

साहेब आणखी काळा पडला त्या दिवशी डॉक्टर म्हणाला, "साडेएकोणतीस करून बघू या."

तिनं हातातली क्रीमची पिशवी खाली ठेवली. "डॉक्टर, नक्की एक काय ते सांगा. अठ्ठावीस, तीस, आता साडेएकोणतीस. मला वेड लागायची पाळी आलीये."

तो खुर्चीतून उठला. परत बसला. "मी गुरांचा डॉक्टर आहे. गायी, म्हशी... फार तर शेळ्या. माशाला मी आयुष्यात कधी हात लावलेला नाही."

"मग ते अठ्ठावीस कुठून आणलंत?"

"दुकानात तुमच्या मागच्या टाकीवर लिहिलं होतं."

"आणि तीस?"

"वाचलं घरी जाऊन."

"आणि साडेएकोणतीस?"

"दोन पुस्तकांचं जमेना... म्हणून मधलं काहीतरी."

तिला हसावं की रडावं ते कळेना. "सरळ माहीत नाही म्हणायचं होतं."

"म्हटलं असतं, तर तुम्ही निघून गेला असतात."

आणखी काही ऐकलं तर आपण विरघळू, अशी तिला भीती वाटली. म्हणून तिनं दार उघडलं आणि बाहेर बोट दाखवलं. तो मान खाली घालून गेला.

दुसऱ्या दिवशी सकाळी फोन वाजला नाही. बरं झालं, असं तिनं स्वतःला बजावलं. मग फोन बंद तर पडला नाही ना, म्हणून दोनदा बघितलं. बारशाच्या केकवर 'वाढदिवसाच्या शुभेच्छा' लिहून बसली, ते सगळं खरवडून काढलं, आणि कपाळावर हात मारून घेतला.

संध्याकाळी तो आला. उंबऱ्याबाहेरच उभा राहिला.

"आत येत नाही. डिस्कस वाढवणाऱ्या एका गृहस्थांकडे गेलो होतो, तेवढं सांगतो. मोठ्या माशांना अठ्ठावीस ते तीस, त्यातलं काहीही चालतं. म्हणजे दोन्ही वेळा माझं बरोबर होतं... चुकून. फक्त बदलायचं ते हळूहळू, आणि पाणी सारखं वरखाली व्हायला नको. रोज एका वेळी एक, दुसऱ्या वेळी दुसरं, असं झालं की मासा खंगतो. पण तुमचं तर स्थिर आहे. एकोणतीस."

"सकाळी," ती सावकाश म्हणाली.

"म्हणजे?"

"तुम्ही विचारता सकाळी. मी बघते सकाळी. दुपारी मी एसी लावते, जोरात. नाहीतर लोणी वितळतं..." ती टाकीकडे धावली. पाण्यातल्या तापमापकाची पट्टी सव्वीसच्याही खाली होती. बिचारा छोटासा हीटर खोलीशी झुंजून थकला होता.

तिच्या गुलाबांना गारवा हवा होता, साहेबांना ऊब. एका खोलीत दोन्ही जमणार नव्हतं.

"टाकी आतल्या खोलीत न्यायची," ती म्हणाली. "आत्ता. तुम्ही... आत येता का?"

त्यानं चपला काढल्यासुद्धा होत्या.

टाकीतलं पाणी नळीनं बादल्यांत काढलं. तीन मासे मुकाट्यानं टबमध्ये गेले. साहेबानं मात्र दोघांच्या नाकी नऊ आणले. शेवटी तिनं एका बाजूनं आणि त्यानं दुसऱ्या बाजूनं पाण्यात हात घातले, ओंजळीत ओंजळ आली, आणि मासा नसलेले हात काही क्षण तसेच राहिले.

नेमका तेव्हाच बाबांचा व्हिडिओ कॉल आला.

ओल्या हातानं तिनं फोन उचलला. खोटं बोलायचं त्राण आता उरलं नव्हतं. "बाबा, साहेब आजारी आहे. बरेच दिवस झाले. मी तुम्हाला सांगितलं नाही."

"ठाऊक होतं मला," बाबा शांतपणे म्हणाले. "रोज तीनच मासे दाखवत होतीस, बबडे. तूच सांगशील म्हणून थांबलो होतो." मग त्यांनी डोळे बारीक केले. "मागे कोण आहे?"

"डॉक्टर आहेत."

"माशांचे?"

"नाही," दोघंही एकदम म्हणाले.

"मग तिथे काय करतायत?"

तो पुढे आला. बाह्या कोपरापर्यंत भिजलेल्या, केसात शेवाळ. "काका, ते मलाही... नीट सांगता येत नाहीये."

बाबांनी त्याला बराच वेळ न्याहाळलं. "मग आधी तिला सांगून बघ. मी नंतर फोन करतो."

फोन बंद झाला. आतल्या खोलीत टाकी भरली, चारही मासे सोडले, हीटर एकोणतीसवर लावला. हळूहळू गरम होऊ दे म्हणून दोघं जमिनीवरच भिंतीला टेकून बसले. साहेब कोपऱ्यात होता, अजून काळाच. तो खायला लागला, रंगावर आला, पण त्याला आणखी काही दिवस जावे लागले.

"बाबा काहीतरी सांगायला म्हणाले होते," ती पाण्याकडे बघत म्हणाली.

"हो." तो थांबला. "तुमच्यासमोर आलो, की मला काही सुचत नाही. साधा आकडासुद्धा. पण यायचं थांबवावं, असंही वाटत नाही... कधीच."

तिच्या छातीत काहीतरी सावकाश ऊन झालं.

"माझा एक घोळ आहे," ती म्हणाली.

"कसला?"

"तुम्हाला 'तुम्ही' म्हणायचं की 'तू', तेच मला समजत नाहीये."

"तू म्हणा," तो घाईघाईनं म्हणाला. मग गोंधळला. "म्हणजे... म्हण."

ती हसली – इतक्या दिवसांत पहिल्यांदाच, मनापासून.

"मग तो टॉवेल दे," ती म्हणाली, "आणि जरा जवळ सरक. फरशी गार आहे."