अर्धी फिरवलेली चावी

माणसाने ऑफिसात खुशाल साहेब असावं, पण ताटावर बसून साहेबगिरी कशाला? मोठीआईच्या लेकाला हे कोण सांगणार! तो पाणीखात्यात इंजिनिअर. गल्ली त्याला नळसाहेब म्हणायची आणि तो खूश व्हायचा. उजवा हात भातात, डावा लॅपटॉपवर. पडद्यावर गावभरचे पाइप, निळे नि हिरवे; या चित्राला तो मॉडेल म्हणायचा.

"वरच्या गल्लीत पाणी येत नाही म्हणून ओरड, पण दाब पूर्ण आहे," तो म्हणाला. "भर दुपारी स्वतः मोजलाय मी. ती लाँड्रीवाली मोटार लावून पाणी ओढते. आज चौकात सगळ्यांसमोर चोर म्हणालो तिला!"

"मोटार बघितलीस?" मोठीआईने विचारलं.

"बघायची काय गरज? मॉडेल सांगतंय ना!"

त्याची मुलगी ताई ताटावरून उठलीच. तिच्या मागोमाग सुट्टीला आलेली आतेभावंडं: फुंकर मारली तर उडेल असा पैलवान आणि प्रश्न विचारून जीव खाणारी शंकाबाई. लाँड्रीवाल्या काकू या तिघांच्या शर्टांची तुटकी बटणं न सांगता लावून द्यायच्या. त्या चोर?

तिघं लाँड्रीत पोचली तेव्हा काकू कपड्यांचे गठ्ठे बांधत होत्या. "शोधा मोटार. सापडली तर मलाही दाखवा."

पैलवान टेबलाखाली शिरला, पिंपामागे शिरला आणि कोळ्याची जाळी डोक्यावर घेऊन बाहेर आला. मोटार नव्हतीच. पायरीजवळचा नळ पूर्ण उघडा होता आणि त्यातून टिपूस टिपूस पडत होतं.

"रविवारी बहिणीच्या गावी जाते. कायमची," काकू म्हणाल्या. "पाण्यावाचून लाँड्री चालत नाही, आणि चोर म्हणवून घेऊन मला इथे राहवत नाही."

"रविवारच्या आत खरं शोधायचं!" ताई रस्त्यात म्हणाली.

"पण मामाचा काटा पूर्ण दाब दाखवतो, मग पाणी कुठे जातं?" शंकाबाईने सुरू केलं.

"आपणही मॉडेल करू! पाण्याचं!"

स्टुलावर बादली. तिच्यातून अंगणभर बागेची नळी. नळीत जागोजागी उभ्या खोचलेल्या पारदर्शक नळ्या, म्हणजे कुठे किती दाब ते पाण्याच्या उंचीवरून कळेल. टोकाची तोटी सोडली. उभ्या नळ्यांतलं पाणी टोकाकडे जरा जरा उतरत गेलं.

"अरे, पाय काढ!" ताई ओरडली. पैलवान नळीवरच उभा होता. त्याच्या पायापुढच्या नळ्यांत पाणी एकदम तळाला!

"थांब, काढू नकोस!" शंकाबाईने तोटी बंद केली. सगळ्या नळ्यांत पाणी हळूहळू चढलं, थेट बादलीइतकं.

"पाय तर अजून तिथेच आहे! मग दाब परत कसा आला?"

"पाणी वाहत नाही म्हणून!" ताईने कपाळावर हात मारला. "बाबांनी दुपारी मोजलं. दुपारी सगळ्यांचे नळ बंद! म्हणून काटा पूर्ण. कुणाचा तरी पाय आहे पाइपावर!"

शनिवारी सकाळी गल्लीतले सगळे नळ सुटल्यावर तिघं बाबांचं दाबाचं घड्याळ घेऊन दारोदार फिरली. वरच्या गल्लीकडे जाताना पूल लागतो; त्याच्या अलीकडे काटा वर, पलीकडे गळून पडलेला! मधोमध रस्त्यात व्हॉल्व्हचं झाकण, त्यावर मातीचा ढीग.

"बाबा, चावी घेऊन चला!"

"मॉडेलमध्ये तो पूर्ण उघडा आहे," नळसाहेब चडफडत म्हणाला. पण आला. झाकण उचललं, लांब चावी लावून उघडायच्या बाजूला फिरवली; जागीच अडायला हवी होती, पण ती फिरतच राहिली. त्याचा चेहरा उतरला. "गटाराचं काम होतं तेव्हा मीच अर्धा बंद केला होता," तो पुटपुटला. "उघडायचा राहिला."

वरून आरडाओरडा ऐकू आला. पाणी! पाणी आलं!

तिघं लाँड्रीकडे धावत सुटली. दाराला कुलूप होतं. शेजारीण खाली मान घालून म्हणाली, "सकाळी पुन्हा कुणीतरी बोललं तिला. रविवारची वाट नाही बघितली तिने."

काकूंनी नळ उघडाच सोडला होता. आता तो भसाभसा पायरीवर वाहत होता. ताईने तो बंद केला. शंकाबाईने कुलूप एकदा ओढून पाहिलं.

दुपारी शेजारपाजारचे मुलांच्या पाठी थोपटून गेले. "डोकं आहे कार्ट्यांना," मोठीआई म्हणाली. तिच्या तोंडून एवढं म्हणजे फार झालं. पण पैलवानाचंही जेवणात लक्ष नव्हतं.

"मॉडेलमध्ये दुरुस्ती केली मी," नळसाहेब ताटाकडे बघत म्हणाला. आज लॅपटॉप मिटलेला होता.

"ते तुझं तू बघ," मोठीआई म्हणाली. "ज्या चौकात, ज्या आवाजात तिला चोर म्हणालास, तिथेच, तेवढ्याच मोठ्याने सांग की चूक माझी होती. मग तिच्या बहिणीच्या दारात जा. आली तर तुझं नशीब. नाही आली तर मी तिला नावं ठेवणार नाही, तुला ठेवीन, जिवंत असेपर्यंत. आणि ऊठ, ते ताट आधी घासून ठेव. आता पाणी आहे."